ठाण्यातली बिनवर्दीची बाई

मुंबईच्या अँटॉप हिलमध्ये अल्पसंख्य कोण, या प्रश्नाचं उत्तर गल्लीगणिक बदलतं. संगमनगरच्या बाजूला मुस्लिम वस्ती मोठी. शीव कोळीवाड्याकडे, म्हणजे आताच्या गुरू तेग बहादूर नगराच्या अंगाला, फाळणीनंतर आलेल्या पंजाबी आणि शीख निर्वासितांची तिसरी पिढी. कोकरी आगाराकडे तामिळ कानावर पडते, केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत देशभरातून बदलून आलेली कुटुंबं राहतात, आणि एका वस्तीचं तर नावच बंगालीपुरा. इथल्या सायन कोळीवाडा मतदारसंघातून २०१४ पासून कॅप्टन तमिळ सेल्वन निवडून येत आहेत, यावरूनही या भागाचा पोत कळावा. काही गल्ल्यांत मराठी माणूसच अल्पसंख्य.

सरकारच्या कागदावर हिशेब सोपा आहे. राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाच्या १९९२ च्या कायद्याखाली मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध आणि पारशी हे समाज अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित झाले, २०१४ मध्ये जैनांची भर पडली. या समाजांसाठी शिष्यवृत्त्या आहेत, कर्जं आहेत, महामंडळ आहे. मार खाणाऱ्या बाईसाठी मात्र या खात्यात वेगळी खिडकी नाही. दादरच्या हिंदू कॉलनीतल्या बाईला जो कायदा, जो संरक्षण अधिकारी, जी हेल्पलाइन, तीच संगमनगरातल्या बाईला. तत्त्व म्हणून हे बरोबरच आहे. मारहाणीला धर्म विचारून मदत देणारं सरकार कोणाला हवंय? पण दार सगळ्यांना सारखं उघडं असलं तरी दारापर्यंतचा रस्ता सारखा नसतो, आणि या लेखाचा विषय तो रस्ता आहे.

आधी एक आकडा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्क्यांनी कुणाची तरी मदत मागितली होती. ७७ टक्क्यांनी मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. ज्यांनी मागितली, त्यांतल्या बहुतेक माहेरी गेल्या किंवा नात्यातल्या कुणाकडे. पोलिसांपर्यंत पोचणाऱ्या अगदी थोड्या. हा सगळ्या बायकांचा आकडा आहे. अल्पसंख्य घरातल्या बाईच्या गप्प बसण्यात आणखी दोन-तीन कारणं मिसळतात.

पहिलं कारण समाजाचं. नवऱ्याविरुद्ध ठाण्यात जाणं म्हणजे आपल्या लोकांची चव्हाट्यावर बदनामी करणं, असं तिला घरातून आणि मोहल्ल्यातून ऐकवलं जातं. त्यातही ज्या समाजाच्या पोरांना पोलीस एरवीही उचलून नेतात असा अनुभव असतो, तिथली बाई आपल्या हाताने नवऱ्याला त्यांच्या ताब्यात द्यायला धजत नाही. मग बैठक बसते. जमातीचे चार बुजुर्ग, काझी, नाहीतर गावाकडून आलेले थोरले काका. समजूत घातली जाते, नवरा मान खाली घालतो, आणि ती परत त्याच खोलीत. हे फक्त मुस्लिम घरांत होतं असं समजू नये. जातपंचायतीचा जाच इतका वाढला होता की महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. तो २०१६ चा, अंमल २०१७ पासून.

दुसरं कारण कागदांचं. बंगाली बोलणाऱ्या बाईला ठाण्याची पायरी चढताना भीती वाटते ती नवऱ्याची नव्हे, ‘कागद दाखव’ या वाक्याची. ती पश्चिम बंगालच्या एखाद्या जिल्ह्यातून रीतसर आलेली असली, तरी आधार कार्ड नवऱ्याच्या कपाटात, जन्मदाखला गावाला, आणि बोलणं संशय घ्यावा असं. म्हणून एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा ‘पीडित व्यक्ती’ची व्याख्या करताना ‘कोणतीही स्त्री’ म्हणतो. नागरिकत्वाची अट त्यात नाही, धर्माची नाही, लग्न नोंदलेलं असण्याचीही नाही.

तिसरं कारण साधं आहे: भाषा. घरात काय झालं हे परक्या माणसाला परक्या भाषेत सांगताना ‘बहुत तकलीफ देता है’ याच्यापुढे शब्द जात नाहीत. तकलीफ म्हणजे शिवीगाळ की गळा दाबणं, हे विचारणाऱ्याने खोदून विचारलं नाही तर कागदावर ‘किरकोळ वाद’ उतरतो. मुंबईत याचं रूप म्हणजे एनसी. अदखलपात्र गुन्ह्याची नोंद करून पोलीस एक चिठ्ठी हातात देतात. बाईला वाटतं केस झाली. एनसीवर पोलीस दंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तपास करू शकत नाहीत, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. तरीही ती चिठ्ठी फाडू नये. अमुक तारखेला तक्रार केली होती याचा तो पुरावा असतो, आणि पुढे कोर्टात अशा तीन-चार चिठ्ठ्या बरंच काही बोलतात.

ठाण्याच्या भीतीचा इतिहास महाराष्ट्राला चांगलाच ठाऊक आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका कोवळ्या आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. मथुरा खटला म्हणून तो ओळखला जातो. सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडलं, तेव्हा १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्याच वर्षी विवाहितेच्या छळाविरुद्धचं ‘चारशे अठ्ठ्याण्णव अ’ हे कलमही आलं. आज भारतीय न्याय संहितेत ते ८५ आणि ८६ झालं आहे. वस्तीत अजून कुणी ते आकडे म्हणत नाही, ‘चारशे अठ्ठ्याण्णव लावला’ असंच म्हणतात.

कायदा बदलला, पण ठाण्यात टेबलापलीकडे बसलेला माणूस तोच. याला तोड काढली ती मुंबईने. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी मिळून क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या पोलीस आयुक्तालयात एक खोली घेतली आणि तिथे प्रशिक्षित समाजसेविका बसवल्या. नाव ठेवलं, महिला व मुलांसाठी विशेष कक्ष. या बायका पोलीस नव्हत्या. वर्दी नाही, हुद्दा नाही, पण बसायची जागा पोलिसांच्या छपराखाली. हे फार हुशारीचं होतं. संस्थेच्या कचेरीत समाजसेविकेने नवऱ्याला बोलावलं तर तो येत नाही. पोलीस ठाण्यातून निरोप गेला की येतो. आणि बाईला सगळं सांगायला समोर साडी नाहीतर सलवार कमीज घातलेली, चहा मागवणारी, मध्ये न तोडणारी बाई मिळते. पुढे दादर पोलीस ठाण्यात आणि कांदिवलीला असे कक्ष निघाले, २००५ पासून राज्याच्या महिला व बालविकास विभागाने जबाबदारी घेतली, आणि हे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत पसरले. अँटॉप हिलच्या बाईला दादर काही लांब नाही. पण नेमकं हेच अंतर तिला ठाऊक नसतं.

कक्षातली बाई काय करते? आधी ऐकते. मग ‘तुला काय हवंय’ असं विचारते, आणि हा प्रश्न बहुतेकींना आयुष्यात पहिल्यांदाच विचारलेला असतो. कुणाला नवरा सुधारायला हवा असतो, कुणाला फक्त मुलांचे दाखले आणि स्त्रीधन, कुणाला तलाक. त्याप्रमाणे नवऱ्याला बोलावणं, ठाण्याला पत्र देणं, रुग्णालयात पाठवणं, वकील गाठून देणं. तडजोड हाही एक मार्ग असतो आणि त्यावर टीकाही होते. ‘समुपदेशन’ म्हणजे ‘जमवून घे’ असा अर्थ काही ठिकाणी लावला जातो, हे नाकारून चालणार नाही. पण जमातीच्या बैठकीत आणि इथल्या बैठकीत एक फरक आहे. इथे मार पुन्हा झाला तर पुढची पायरी शेजारच्याच खोलीत असते, आणि ते नवऱ्याला दिसत असतं.

काहीजणी ठाण्यापर्यंत कधीच जात नाहीत, दवाखान्यात मात्र जातात. अँटॉप हिलसाठी दवाखाना म्हणजे शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय, सगळ्यांच्या तोंडी ‘सायन हॉस्पिटल’. ‘बाथरूममध्ये पाय घसरला’ असं सांगणाऱ्या बाईच्या दंडावर चार बोटांचे वळ असतात, ते नर्सला दिसतात. पुढे विचारायचं की टाके घालून सोडायचं, एवढाच प्रश्न. विचारायचं ठरवून, त्याची पद्धत बसवण्याचं काम मुंबईत २००० च्या सुमारास झालं. ‘सेहत’ ही संस्था आणि मुंबई महापालिका यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. रुग्णालयाच्या आत असलेलं देशातलं हे असं पहिलं केंद्र. नंतर पालिकेच्या इतर रुग्णालयांतही ते नेलं गेलं. सायन रुग्णालयातल्या नवजात शिशुतज्ज्ञ डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ मध्ये ‘स्नेहा’ संस्था काढली. तिचं बरंचसं काम धारावीतलं, आणि त्यात स्त्रियांवरच्या हिंसेचा मोठा वाटा आहे. घरात जाब विचारला जाणार नाही असं बाईचं एकच ठिकाण असतं, ते दवाखाना. ‘कुठे गेली होतीस’ याला ‘पोराला ताप होता’ हे उत्तर पुरतं.

याच ‘सेहत’ने मुंबईच्या आरोग्यसेवेत धर्मावरून होणाऱ्या भेदभावाचाही अभ्यास केला आहे. बुरख्यावरून, मुलं किती यावरून ऐकावे लागलेले शेरे मुस्लिम बायकांनी त्यात सांगितले. ज्या बाईला केसपेपर काढतानाच टोमणा मिळतो, ती वळांची खरी हकिकत त्याच खिडकीपाशी कशी सांगेल? सेवा आहे आणि तरी पोचत नाही, ती अशी अडते. यासाठी नवा कायदा लागत नाही. केसपेपरवाल्याला, आयाबाईला, कॉन्स्टेबलला शिकवावं लागतं. तेच सर्वांत कंटाळवाणं काम, म्हणून ते मागे पडतं.

आता कायद्याकडे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ ला लागू झाला. वस्तीतल्या भाषेत ‘डीव्ही टाकली’ म्हणजे या कायद्याखाली अर्ज केला. तो फौजदारी शिक्षेपेक्षा बाईच्या आजच्या अडचणीकडे बघतो, हे त्याचं वैशिष्ट्य. मारू नको, तिच्या कामाच्या ठिकाणी जाऊ नको असा संरक्षण आदेश, घरातून काढू नको असा निवासाचा आदेश, खर्चाचे पैसे, मुलांचा तात्पुरता ताबा, नुकसानभरपाई, हे सगळं एकाच अर्जात मागता येतं. परिस्थिती तातडीची असेल तर दुसऱ्या बाजूचं ऐकण्याआधीच एकतर्फी अंतरिम आदेश देता येतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत द्यायचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये उभ्या असलेल्या कुणालाही हे साठ दिवस सांगून पाहा, हसेल. पण अंतरिम आदेश खरोखर मिळतात, आणि आदेश मोडला तर तो स्वतंत्र गुन्हा ठरतो: एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

अर्ज करायला वकील लागतोच असं नाही. सरकारने नेमलेला संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल भरतो, वैद्यकीय तपासणी करवून देतो, निवाऱ्याची सोय बघतो आणि अर्ज दंडाधिकाऱ्यापुढे मांडायला मदत करतो. शेजारणीलाही त्याला कळवता येतं. सद्भावनेने कळवलं तर तिच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. बाई पळून मुंब्र्याला बहिणीकडे गेली असेल तर तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो, तात्पुरता मुक्काम असला तरी. बोभाट्याची भीती असेल तर सुनावणी बंद दाराआड घेता येते. आणि वकील हवाच असेल, तर १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार प्रत्येक स्त्रीला तो फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला न मागता. त्यासाठीचा फोन १५१००. रात्री-अपरात्री जीवावर बेतलं तर ११२. सल्ला, निवारा, रुग्णवाहिका यांसाठी १८१.

मुस्लिम बाईच्या बाबतीत इथे एक गैरसमज पक्का बसला आहे: आमचं सगळं शरियतने चालतं, हे कायदे आम्हाला नाहीत. डीव्हीचा कायदा सगळ्यांना आहे. २०१४ मध्ये मुंबईहून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नंतर तलाक झाला म्हणून आधीच्या हिंसेची जबाबदारी पुसली जात नाही. पोटगीचंही तेच. शाहबानो खटल्याचा १९८५ चा निकाल, त्यानंतरचा १९८६ चा कायदा, त्या कायद्याचा बाईच्या बाजूने अर्थ लावणारा २००१ चा दानियल लतीफी निकाल, असं हेलकावे खात प्रकरण आलं. १० जुलै २०२४ ला न्यायालयाने पुन्हा सांगितलं की घटस्फोटित मुस्लिम स्त्री फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या सर्वसाधारण पोटगीच्या कलमाखाली मागणी करू शकते. या वाटेची सुरुवातही मुंबईत झाली होती. १८ एप्रिल १९६६ ला समाजसुधारक हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधानभवनावर नेला होता. सात म्हणजे सातच. पुढे १९८७ मध्ये मुंबईत ‘आवाज-ए-निस्वाँ’ ही संघटना सुरू झाली, २००७ मध्ये भारतीय मुस्लिम महिला आंदोलन. तोंडी तलाकविरुद्ध कोर्टात उभं राहण्यात या बायका होत्या.

तिहेरी तलाकच्या २०१९ च्या कायद्याबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. तीन वर्षांपर्यंतची कैद ऐकायला जबर वाटते. पण नवरा आत गेला तर घरभाडं कोण भरणार, या प्रश्नाने बाई तक्रारीलाच कचरते. त्याच कायद्यात निर्वाहभत्ता आणि अल्पवयीन मुलांचा ताबा मागण्याची कलमं आहेत, त्यांची चर्चा कुणी करत नाही. हाताशी डीव्ही असताना पहिली धाव तिकडे घ्यावी, असं मला वाटतं.

वेगळी खिडकी हवी की नको, हा वाद आपल्याकडे फारसा होत नाही. लंडनमध्ये झाला. साउथॉल या पंजाबी वस्तीत १९७९ पासून ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ ही संघटना आशियाई आणि आफ्रिकी-कॅरिबियन बायकांसाठी काम करते. २००८ च्या सुमारास तिथल्या ईलिंग नगरपालिकेने ठरवलं की आता एका समाजापुरती सेवा नको, सगळ्या बायकांसाठी एकच सेवा असावी. ऐकायला समतेचंच वाटतं. बायका कोर्टात गेल्या, पालिकेला माघार घ्यावी लागली, आणि न्यायाधीशांनी म्हटलं की विशेष सेवा देणं समतेच्या विरोधात जात नाही. भाषा जाणणारी, तिथल्या जमातीच्या दबावाची चव माहीत असणारी बाई समोर बसली, तरच ती ‘सगळ्यांची’ सेवा त्या गल्लीपर्यंत उतरते.

आपल्याकडे वेगळी कचेरी काढायची गरज नाही. आहे त्या कक्षात, आहे त्या केंद्रात तामिळ, बंगाली, उर्दू बोलणारी एक-एक बाई हवी. वस्तीत अशा बायका असतात. अंगणवाडीत, बचत गटात, पालिकेच्या आरोग्यसेविकांत. कुणी त्यांना अक्का म्हणतं, कुणी आपा, कुणी ताई. विधी सेवा प्राधिकरण विधी स्वयंसेवक नेमतं, ठाण्यांना महिला दक्षता समित्या असतात. समितीच्या यादीवर नावं कुणाची आहेत आणि वस्तीत कोणत्या भाषा बोलल्या जातात, हे दोन कागद शेजारी ठेवून पाहायला फार खर्च येणार नाही.

निवाऱ्याची बाजू दुबळी आहे. केंद्राच्या ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये साधारण पाच दिवस राहता येतं. त्यापुढे शक्ती सदन किंवा मानखुर्दचं शासकीय महिला वसतिगृह, नाहीतर संस्थांची आश्रयगृहं. माटुंग्याचं श्रद्धानंद महिलाश्रम तर १९२७ पासूनचं. पण ठरावीक वयापुढच्या मुलग्याला आईबरोबर ठेवत नाहीत, आणि चौदा वर्षांचा मुलगा मागे सोडून कुठली आई निघेल? शिवाय तिथे रोजे पाळता येतील का, जेवण कसलं, बाहेर कामाला जाऊ देतात का, हे प्रश्न बाई विचारतेच. विचारावेतच.

म्हणून निवासाचा आदेश मोलाचा. घर नवऱ्याच्या किंवा सासूच्या नावावर असलं तरी, ज्या घरात ती संसार करत होती तिथे राहण्याचा तिचा हक्क कायदेशीर प्रक्रियेशिवाय हिरावता येत नाही. २०२० च्या सतीशचंद्र आहुजा निकालाने सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घराबाबतचा संशयही दूर केला. घर भाड्याचं असेल तर तशीच दुसरी जागा बघून दे किंवा तिचं भाडं भर, असा आदेश दंडाधिकारी देऊ शकतो. अँटॉप हिलमध्ये आणखी एक गोष्ट पाहावी लागते. इथल्या कितीतरी झोपड्या झोपडपट्टी पुनर्वसनाच्या (झोपु) योजनेत गेल्या आहेत किंवा जायच्या आहेत. विकास नियमावलीतल्या ३३(१०) नुसार पात्र झोपडीधारकाशी होणारा करार पती-पत्नी दोघांच्या संयुक्त नावाने व्हायला हवा. बिल्डरचा माणूस सह्यांसाठी कागद घेऊन येतो तेव्हा बाई बहुधा मोरीत असते आणि नवरा दारात. करारावर आपलं नाव आलं आहे का, हे तिने सही होण्याआधी वाचून, नाहीतर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचवून घ्यावं.